कौन्सिलने घरभाड्याची विवेकाधीन मदत नाकारली तर: इंग्लंडमधील मराठी भाडेकरूंसाठी फेरविचार आणि तक्रारीचे मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला युनिव्हर्सल क्रेडिटमधून किंवा हाउसिंग बेनिफिटमधून घरभाड्यासाठी जी रक्कम मिळते, ती प्रत्यक्ष भाड्याला पुरतेच असे नाही. लंडन, स्लाउ, रेडिंग यांसारख्या महागड्या भागांत तर दरमहा काही शे पौंडांची तूट पडणे नवलाचे राहिलेले नाही. ही तूट भरून काढण्यासाठी कौन्सिलने द्यावयाची मदत, म्हणजेच डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट किंवा सर्वांच्या तोंडी असलेली ‘डीएचपी’, जुलै २००१ पासून दिली जाऊ लागली. ही मदत हक्काचा भत्ता नाही आणि ती नाकारली गेल्यास बेनिफिटच्या इतर निर्णयांप्रमाणे ट्रायब्यूनलकडे, म्हणजे अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येत नाही. त्यामुळे नकाराचे पत्र आले की अनेक जण ‘देणे न देणे त्यांच्या मर्जीवर आहे’ असे समजून गप्प बसतात आणि तोवर थकबाकी वाढत जाते.

हा समज चुकीचा आहे. कोणाला मदत द्यायची हे ठरवण्याचा अधिकार कौन्सिलचा असला, तरी तो कसा वापरायचा याला कायद्याची चौकट आहे. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावगुणांवर पाहिला पाहिजे, संबंधित परिस्थिती विचारात घेतली पाहिजे, आपल्याच धोरणाला धरून वागले पाहिजे आणि नकाराची कारणे लेखी दिली पाहिजेत. यांपैकी काही झाले नसेल, तर आधी फेरविचार, मग कौन्सिलकडे तक्रार आणि शेवटी ओम्बड्समन (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) अशी विनामूल्य वाट उपलब्ध आहे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः इंग्लंडपुरते आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे ओम्बड्समनची कार्यालये स्वतंत्र आहेत आणि मदतीचे नियमही काही बाबतींत वेगळे आहेत.

आणखी एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. एप्रिल २०२६ पासून इंग्लंडमधील डीएचपी आणि हाउसहोल्ड सपोर्ट फंड (अडचणीतील कुटुंबांना कौन्सिलमार्फत मदत देणारा निधी) या दोन्हींच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड हा एकच निधी आणण्याचे सरकारने जाहीर केले. म्हणून आपल्या पत्रावर कोणत्या योजनेचे नाव आणि कोणती तारीख आहे, हे प्रथम पाहावे. जुन्या डीएचपीखालील निर्णयाला २००१ चे नियम लागू पडतात; नव्या निधीतून झालेल्या निर्णयासाठी कौन्सिलचे त्या निधीचे धोरण आणि त्यात सांगितलेली फेरविचाराची पद्धत वाचावी लागते. निष्पक्षपणे विचार करण्याचे बंधन आणि ओम्बड्समनकडे जाण्याचा मार्ग या दोन्ही गोष्टी योजनेचे नाव बदलल्याने संपत नाहीत.

आधी पात्रता तपासावी

तक्रारीला हात घालण्यापूर्वी आपला अर्ज मुळात या मदतीच्या कक्षेत बसत होता का, हे प्रामाणिकपणे तपासावे. डीएचपीसाठी अर्जदाराला हाउसिंग बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिटमधील घरखर्चाचा भाग मिळत असणे आवश्यक होते. भारतातून कामाच्या किंवा अभ्यासाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई असल्याची अट असते आणि हे दोन्ही लाभ त्या सार्वजनिक निधीत मोडतात. अशा व्यक्तीने अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या जाणकाराचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये, कारण येथे नुकसान केवळ नकारापुरते राहत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या आणि स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो या भागांत स्थिरावलेल्या गोवेकर कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना दिलेला कायमच्या निवासाचा दर्जा) आहे त्यांना ही अडचण येत नाही, परंतु प्री-सेटल्ड, म्हणजे मर्यादित काळाचे, स्टेटस असणाऱ्यांना सामान्यतः नोकरी किंवा अन्य आधारावर निवासाचा हक्क दाखवावा लागतो.

दुसरे म्हणजे काही खर्चांना डीएचपी देताच येत नव्हती: पाणीपट्टी, कौन्सिल टॅक्स, बेनिफिटमध्ये न बसणारे सर्व्हिस चार्ज आणि सँक्शनमुळे, म्हणजे बेनिफिटच्या अटी न पाळल्याच्या शिक्षेमुळे, कापली गेलेली रक्कम. कौन्सिल टॅक्समधील विवेकाधीन सवलत ही १९९२ च्या कायद्याच्या कलम १३अ खालील स्वतंत्र गोष्ट आहे. ती नाकारली गेल्यास व्हॅल्युएशन ट्रायब्यूनलकडे अपील करता येते, म्हणून ओम्बड्समन सहसा त्यात पडत नाही. दोन्ही मागण्या एकाच पत्रात कालवल्या, तर दोन्हींचे उत्तर धड मिळत नाही.

तिसरे, तूट नेमकी कशामुळे पडते आहे हे ओळखावे. खासगी भाडेकरूची तूट बहुधा लोकल हाउसिंग अलाउन्सच्या, म्हणजे त्या भागातील भाड्यासाठी बेनिफिटमधून मिळू शकणाऱ्या कमाल रकमेच्या, मर्यादेमुळे असते. कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात कामाच्या वयातील भाडेकरूकडे एक झोपण्याची खोली जास्त असल्याचे धरले गेले तर १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास २५ टक्के कपात होते. ज्यांना बेनिफिट कॅप (कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण बेनिफिटवरील मर्यादा) लागतो, त्यांच्यासाठी एप्रिल २०२३ पासूनची वार्षिक मर्यादा जोडप्याला किंवा मुले असलेल्या पालकाला ग्रेटर लंडनमध्ये २५,३२३ पौंड आणि बाहेर २२,०२० पौंड आहे. खोल्यांची संख्याच चुकीची मोजली असेल, तर तो विवेकाधीन मदतीचा प्रश्न नाही. तेथे मूळ बेनिफिटच्या निर्णयाला एक महिन्याच्या आत आव्हान द्यावे, कारण तो दुरुस्त झाला तर तूटच नाहीशी होऊ शकते.

नकाराचे पत्र ओळ न ओळ वाचावे

तक्रारीचा सगळा पाया या पत्रात असतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्यावर कोणालाही निर्णय बदलता येत नाही; ‘अमुक गोष्ट विचारात घेतली गेली नाही’ यावर मात्र बदलता येतो. म्हणून पत्रातील प्रत्येक कारण वेगळे काढून त्यासमोर आपल्याकडील वस्तुस्थिती लिहावी.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ‘आपले उत्पन्न खर्चापेक्षा जास्त आहे’. असे लिहिले असेल तर कौन्सिलने केलेला हिशेब मागवावा आणि आपण अर्जात लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावा. पुष्कळदा असे दिसते, की मोबाइल, प्रवास, किराणा किंवा कर्जाचा हप्ता यांतील काही रक्कम अधिकाऱ्याने ‘अवाजवी’ म्हणून कमी केली आहे आणि त्यामुळे कागदोपत्री दरमहा शंभर-दीडशे पौंड ‘शिल्लक’ दिसत आहेत. अवाजवी वाटणारा खर्च न धरण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. तथापि कोणता खर्च का धरला नाही, हे सांगितले गेले पाहिजे, आणि त्या खर्चामागे आजारपणासारखे कारण असल्यास ते तपासले गेले पाहिजे.

अपंगत्वामुळे मिळणाऱ्या पैशांविषयी तर न्यायालयाचा निकालच आहे. सँडवेल कौन्सिलने एका अपंग भाडेकरूला मिळणाऱ्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्समधील देखभालीचा भाग सरसकट उत्पन्नात धरला होता. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही पद्धत बेकायदेशीर ठरवली, कारण तो पैसा कशासाठी दिला जातो आणि प्रत्यक्षात कशावर खर्च होतो याचा विचारच झाला नव्हता. आपल्याला किंवा घरातील कोणाला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा भत्ता) मिळत असेल आणि ते हिशेबात उत्पन्न म्हणून दिसत असेल, तर तक्रारीचा सर्वांत भक्कम मुद्दा येथेच आहे. रुग्णालयात नेणारी टॅक्सी, जादा हीटिंग, वेगळा आहार, कपडे धुण्याचा वाढीव खर्च असा तो पैसा कुठे जातो ते आकड्यांसह लिहावे.

‘धोरणानुसार थकबाकीसाठी मदत देत नाही’, ‘तेरा आठवड्यांपेक्षा जास्त देत नाही’, ‘एकदा दिली की पुन्हा देत नाही’ ही कारणे दुसऱ्या प्रकारात मोडतात. कौन्सिलला धोरण असू शकते, ते असणे इष्टही आहे. पण अपवादाला जागाच न ठेवणारे धोरण आंधळेपणाने लावणे म्हणजे दिलेला अधिकार न वापरणेच होय. मागील काळाच्या भाड्यासाठी डीएचपी देता येते, हे अपील न्यायालयाने २००८ मध्ये लॅम्बेथ कौन्सिलच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या काळात अर्जदाराला हाउसिंग बेनिफिट मिळत होते की नाही, एवढे मात्र पाहिले जाते. त्यामुळे ‘थकबाकीला देताच येत नाही’ असे पत्रात असेल, तर ते कायद्याचे चुकीचे आकलन आहे असे ठामपणे लिहिता येते.

‘निधी संपला आहे’ या उत्तरापुढे लोक लगेच हार मानतात. निधी मर्यादित असतो हे खरे आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून सरकारने डीएचपीसाठी २०२०-२१ मध्ये सुमारे १८ कोटी पौंड दिले होते. २०२२-२३ मध्ये ते १० कोटींवर आले. पण सरकारी अनुदानाच्या अडीचपट रकमेपर्यंत खर्च करण्याची मुभा कौन्सिलला होती, म्हणजे स्वतःच्या तिजोरीतून भर घालता येत होती. तिजोरीची स्थिती विचारात घेणे चूक नाही, मात्र अर्ज न वाचता केवळ त्या कारणावर तो बाजूला ठेवणे चूक आहे. पत्रात आपल्या परिस्थितीविषयी एकही वाक्य नसेल, तर तो अर्ज पाहिला गेला का, असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे.

‘स्वस्त घर शोधा’ हा सल्ला काही वेळा रास्त असतो, तर काही वेळा निव्वळ कागदी असतो. त्या भागात लोकल हाउसिंग अलाउन्सच्या मर्यादेत घर मिळते का, मुलगा जीसीएसईच्या (शालान्त परीक्षेच्या) वर्षात आहे का, घरात अपंग व्यक्तीसाठी फेरबदल केलेले आहेत का, जवळ राहणारी बहीण आजारी आईची देखभाल करते का, याचा विचार झालेला दिसला पाहिजे. आपण घर शोधल्याचे पुरावे, म्हणजे एजंटांना पाठवलेले ई-मेल, ‘बेनिफिटवाले नकोत’ अशा अर्थाची उत्तरे, जाहिरातींतील भाड्यांची छायाचित्रे, जपून ठेवावीत.

आणि पत्रात कारणच नसेल, केवळ ‘आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ एवढेच असेल, तर डीएचपीच्या २००१ च्या नियमांनुसार तो स्वतंत्र दोष आहे, कारण निर्णय आणि त्याची कारणे लेखी कळवणे बंधनकारक होते. काही कौन्सिलांच्या छापील पत्रांत ‘ट्रायब्यूनलकडे अपील करा’ असेही वाक्य आलेले असते. ते या मदतीला लागू नाही, त्याच्या मागे लागून वेळ घालवू नये, आणि चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा तक्रारीत जोडावा.

येथे एक अप्रिय पण आवश्यक गोष्ट सांगितली पाहिजे. कौन्सिलने सर्व कागद पाहिले, धोरण योग्य रीतीने लावले, कारणे दिली आणि तरीही नकार दिला असेल, तर केवळ निर्णय कठोर आहे म्हणून ओम्बड्समन तो बदलत नाही. कायद्याने त्याला तसा अधिकारच नाही. अशा वेळी तक्रारीत महिने घालवण्यापेक्षा नव्या पुराव्यासह नवा अर्ज करणे अधिक फलदायी ठरते.

कागदपत्रे, आणि आपल्याकडच्या काही खास अडचणी

दोन गोष्टी लगेच मागवाव्यात. पहिली म्हणजे कौन्सिलचे त्या वर्षीचे धोरण. ते बहुधा संकेतस्थळावर असते; नसल्यास माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागता येते आणि कौन्सिलने २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. दुसरी म्हणजे आपल्या प्रकरणाची फाइल. डेटा संरक्षण कायद्याखाली ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ पाठवली, की सामान्यतः एक महिन्यात, विनाशुल्क, अधिकाऱ्याने केलेल्या नोंदी आणि हिशेब मिळतो. या नोंदींचे महत्त्व फार आहे. पत्रात नसलेले खरे कारण अनेकदा तेथे एका ओळीत लिहिलेले असते, आणि आपण पाठवलेले डॉक्टरांचे पत्र उघडून पाहिलेच नाही हेही तेथेच कळते. फाइल येण्याची वाट पाहत फेरविचाराची मुदत मात्र दवडू नये.

बँक स्टेटमेंट आपल्या लोकांच्या अर्जात विशेष अडचण निर्माण करते. भिशीचे उदाहरण घ्यावे. दहा जणांची दरमहा २०० पौंडांची भिशी असेल, तर ज्या महिन्यात आपला नंबर लागतो त्या महिन्यात खात्यात एकदम २,००० पौंड जमा झालेले दिसतात. भिशी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला ते लपवलेले उत्पन्न किंवा बचत वाटते, आणि नोंदीत ‘अज्ञात स्रोतातून मोठी रक्कम’ असा शेरा पडतो. अशा वेळी आपण दरमहा भरलेल्या हप्त्यांच्या ओळी स्टेटमेंटवर खुणा करून दाखवाव्यात, भिशी चालवणाऱ्याचे सहीचे चार ओळींचे पत्र जोडावे आणि मिळालेली रक्कम कशावर खर्च झाली तेही लिहावे. मित्राने थकलेल्या भाड्यासाठी उसने दिलेले पैसे, घरमालकाला देण्यासाठी दुसऱ्या भाडेकरूने आपल्या खात्यात भरलेला वाटा, यांचाही असाच खुलासा द्यावा.

भारतात आईवडिलांना पाठवले जाणारे पैसे कौन्सिल अत्यावश्यक खर्च मानेलच असे नाही. तरीही ते लपवू नयेत. औषधोपचारासाठी असतील तर बिलांसह कारण लिहावे आणि ती रक्कम कमी करता येते का, याचा आपणही विचार करावा. भारतातील बँक ठेवी, फ्लॅट किंवा गावाकडच्या जमिनीतील हिस्सा यांविषयीही तोच नियम: युनिव्हर्सल क्रेडिटसाठी सामान्यतः १६,००० पौंडांहून अधिक भांडवल असल्यास पात्रताच संपते आणि त्यात परदेशातील मालमत्ताही मोजली जाऊ शकते. वडिलोपार्जित, वाटणी न झालेल्या जमिनीचे मूल्य ठरवणे गुंतागुंतीचे असते, म्हणून त्याबाबत सल्ला घेऊन खरी माहिती द्यावी. तक्रारीत आपला प्रत्येक कागद पुन्हा उघडला जातो, हे ध्यानात असावे.

खर्चाचा तक्ता भरताना महिना आणि आठवडा यांची गल्लत होऊ देऊ नये. समजा भाडे महिन्याला १,४५० पौंड आहे आणि घरखर्चाचे १,१५० पौंड मिळतात. तूट ३०० पौंडांची झाली. अनेक कौन्सिल आठवड्याचा हिशेब करतात, तेव्हा ३०० ला १२ ने गुणून ५२ ने भागावे, म्हणजे ६९.२३ पौंड येतात. चारने भागून ७५ लिहिले, तर आपलाच आकडा चुकीचा ठरतो आणि बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते.

पहिली पायरी: फेरविचाराची मागणी

फेरविचार आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरविचारात ‘निर्णय बदला’ अशी मागणी असते. तक्रारीत ‘निर्णय घेण्याची पद्धत सदोष होती’ असे म्हणणे असते. सामान्यतः फेरविचार आधी मागावा, कारण पैसे लवकर मिळण्याची शक्यता तेथेच जास्त असते. अनेक कौन्सिलांच्या धोरणात यासाठी एक महिन्याची मुदत असते, म्हणून पत्रावरील तारखेपासून दिवस मोजावेत. मुदत गेली असल्यास उशिराचे कारण लिहून तरीही मागणी करावी. मूळ निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याऐवजी दुसऱ्या, शक्यतो वरिष्ठ, अधिकाऱ्याने प्रकरण पाहावे अशी विनंती करावी.

पत्र इंग्रजीत द्यावे लागेल, पण त्याचा आशय पुढीलप्रमाणे असावा: ‘आपल्या अमुक तारखेच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. आपण माझे दरमहा १४० पौंड शिल्लक राहतात असे म्हटले आहे. त्या हिशेबात माझ्या पत्नीला मिळणारे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट उत्पन्न म्हणून धरलेले आहे. मात्र ते ज्या टॅक्सी, हीटिंग आणि मदतनिसावर खर्च होते, त्याचे १६० पौंड धरलेले नाहीत. त्याचे पुरावे मी अर्जासोबत दिले होते आणि पुन्हा जोडत आहे. आपल्या धोरणाच्या अमुक परिच्छेदात अपंगत्वाशी संबंधित खर्च विचारात घेतला जाईल असे म्हटले आहे. निर्णय कायम ठेवणार असाल, तर हे खर्च का नाकारले ते लेखी कळवावे.’ एवढे पुरे. संतापाचे चार परिच्छेद लिहिले, तर हा एक महत्त्वाचा मुद्दा त्यांत हरवतो.

पत्र ई-मेलने किंवा कौन्सिलच्या ऑनलाइन अर्जाद्वारे पाठवावे आणि पोच जपून ठेवावी. फोनवर बोलणे झाले, तर तारीख, वेळ, समोरच्या व्यक्तीचे नाव आणि बोलण्याचा गोषवारा लगेच टिपून ठेवावा. इंग्रजीची अडचण असल्यास दुभाषी मागावा. शाळकरी मुलांना आईवडिलांच्या थकबाकीबद्दल अधिकाऱ्यांशी बोलायला बसवणे मला मनापासून अयोग्य वाटते. मुलांवर त्याचा भार पडतो, आणि त्यांच्यासमोर पालक आजारपण किंवा घरातील ताण याविषयी मोकळेपणाने बोलत नाहीत, त्यामुळे प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची माहिती सांगायची राहून जाते.

दुसरी पायरी: कौन्सिलकडे औपचारिक तक्रार

फेरविचारातही नकार आला, किंवा आठवडेच्या आठवडे उत्तरच आले नाही, तर औपचारिक तक्रार करावी. पत्राच्या विषयातच ‘औपचारिक तक्रार, पहिला टप्पा’ असे लिहावे, नाही तर ते पुन्हा बेनिफिट विभागाच्या सामान्य टपालात जाते. ओम्बड्समनने फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलांसाठी तक्रार हाताळणीची संहिता जाहीर केली. तीनुसार तक्रारीची पोच पाच कामकाजी दिवसांत, पहिल्या टप्प्याचे उत्तर त्यानंतर १० कामकाजी दिवसांत आणि दुसऱ्या टप्प्याचे २० कामकाजी दिवसांत देणे अपेक्षित आहे.

तक्रारीत तीनच गोष्टी असाव्यात: काय चुकले, त्यामुळे आपले काय नुकसान झाले आणि आपल्याला काय हवे आहे. नुकसान लिहिताना ‘मानसिक त्रास झाला’ एवढ्यावर थांबू नये. त्या काळात किती थकबाकी वाढली, घरमालकाची नोटीस कधी आली, कोणाकडून किती उसने घ्यावे लागले, हे तारखांसह लिहावे. मागणीही नेमकी असावी: नव्याने निर्णय, कारणांसह लेखी उत्तर आणि चुकीची कबुली.

कधी कधी तक्रार विभाग ‘बेनिफिटच्या निर्णयासाठी वेगळी अपील-व्यवस्था आहे, आम्ही ही तक्रार घेऊ शकत नाही’ असे कळवतो. या मदतीला ट्रायब्यूनलचे अपील नाही, त्यामुळे हे उत्तर लागू पडत नाही, असे एका वाक्यात कळवून तक्रार नोंदवण्याचा आग्रह धरावा. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला, म्हणजे काउन्सिलरला, प्रत पाठवल्यास रखडलेले उत्तर हलते. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, ते त्यांचे कामच आहे.

तक्रार चालू असताना घर सांभाळणे

तक्रार केल्याने घरमालकाची कारवाई थांबत नाही. म्हणून घरमालकाला प्रकरणाची लेखी कल्पना द्यावी आणि जमेल तेवढे भाडे नियमित भरत राहावे. थोडी का होईना, पण नियमित भरलेली रक्कम कौन्सिलसमोर आणि न्यायालयासमोरही आपल्या बाजूने बोलते. १ मे २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या भाडेकरू हक्क कायद्यात थकबाकीवरून घराचा ताबा मागण्याच्या सक्तीच्या कारणासाठीची मर्यादा दोन महिन्यांवरून तीन महिन्यांच्या भाड्यावर नेली आहे. नोटीस देताना आणि सुनावणीच्या दिवशी तेवढी थकबाकी असेल, तर न्यायालयाला सामान्यतः ताबा द्यावाच लागतो. त्या रेषेच्या आत राहण्यासाठी प्रसंगी इतर देणी मागे ठेवावी लागली तरी ठेवावीत.

५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता दिसत असेल, तर कौन्सिलच्या होमलेसनेस विभागाकडे ताबडतोब जावे. बेघरपणा टाळण्यासाठी मदत करणे हे त्या विभागाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि विवेकाधीन मदत नाकारणारी तीच कौन्सिल येथे मात्र हात झटकू शकत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस, शेल्टर किंवा जवळचे लॉ सेंटर यांचा सल्ला याच टप्प्यावर घ्यावा. प्रकरण ज्युडिशियल रिव्ह्यूच्या, म्हणजे निर्णय कायदेशीर होता का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याच्या, योग्यतेचे असेल, तर त्याची मुदत अत्यंत कमी, म्हणजे विनाविलंब आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची असते, आणि तक्रारीची उत्तरे येईपर्यंत ती निघून गेलेली असते. परिस्थिती बदलली असल्यास, उदाहरणार्थ नोकरी गेली, बाळ जन्मले किंवा आजार वाढला, तर तक्रारीच्या निकालाची वाट न पाहता नवा अर्जही करावा.

तिसरी पायरी: ओम्बड्समन

कौन्सिलचे अंतिम उत्तर हाती आले, किंवा पुरेसा वेळ देऊनही उत्तर आले नाही, की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जावे. भाडेकरू आणि घरमालक यांच्या वादांसाठी असलेले हाउसिंग ओम्बड्समन हे वेगळे कार्यालय आहे; या तक्रारी तेथे पाठवल्या तर वेळ वाया जातो. ऑनलाइन अर्ज भरता येतो किंवा ०३०० ०६१ ०६१४ या क्रमांकावर फोन करता येतो. वकिलाची गरज नाही आणि शुल्क नाही. नकाराची माहिती कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे. उशिरासाठी सबळ कारण असेल तरच ही अट शिथिल होते, त्यामुळे कौन्सिलचा दुसरा टप्पा लांबला तरी या मुदतीवर नजर ठेवावी.

अर्जात सगळी कहाणी पुन्हा सांगण्यापेक्षा घटनाक्रमाचे एक पान जोडावे: अर्जाची तारीख, नकाराची तारीख, फेरविचार, दोन्ही टप्प्यांची उत्तरे, आणि प्रत्येकासमोर एका वाक्यात काय राहून गेले ते. ओम्बड्समनच्या संकेतस्थळावर पूर्वीचे निर्णय तक्रारदारांची नावे न देता प्रसिद्ध होतात. त्यांत आपल्या कौन्सिलचे नाव आणि या मदतीचे नाव टाकून शोध घेतल्यास अशाच तक्रारींत कोणत्या चुका मान्य झाल्या, हे वाचायला मिळते. अर्ज लिहिण्यापूर्वी असे चार-दोन निर्णय वाचणे कोणत्याही नमुना-पत्रापेक्षा उपयोगी आहे.

दोष सिद्ध झाल्यास ओम्बड्समन स्वतः भाड्याची रक्कम मंजूर करत नाही. तो कौन्सिलला माफी मागण्याची, ठरावीक मुदतीत नव्याने निर्णय घेण्याची, धोरण किंवा पत्रांचे नमुने सुधारण्याची आणि झालेल्या त्रासाबद्दल काही रक्कम देण्याची शिफारस करतो. केवळ त्रासाबद्दलची ही रक्कम बहुधा ५०० पौंडांच्या आत असते. शिफारशी कायद्याने सक्तीच्या नसल्या तरी कौन्सिल त्या जवळपास नेहमीच मान्य करतात. नव्याने निर्णय घेताना पुन्हा नकार येऊ शकतो, पण तो या वेळी कारणांसह आणि सर्व कागद पाहून द्यावा लागतो.

अंतिम निर्णयापूर्वी ओम्बड्समन सहसा मसुदा पाठवून दोन्ही बाजूंचे म्हणणे मागवतो. तो मसुदा काळजीपूर्वक वाचावा आणि त्यातील तारीख, रक्कम किंवा घटना चुकीची असेल तर दिलेल्या मुदतीत पुराव्यासह कळवावी, कारण नंतर ती दुरुस्त करून घेणे कठीण जाते. अंतिम निर्णय वस्तुस्थितीच्या चुकीवर आधारलेला वाटल्यास एक महिन्याच्या आत त्याच्या पुनर्विलोकनाची मागणी करता येते. आणि कौन्सिलने मान्य केलेली गोष्ट ठरलेल्या तारखेपर्यंत केली नाही, तर नवी तक्रार करत बसू नये. त्याच संदर्भ क्रमांकावर ओम्बड्समनला तसे कळवावे.